पंधरा पानांचा खून

मागच्या दिवाळीच्या आधी एका वाचनालयात परिसंवाद होता. विषय, 'रहस्यकथांचे अंक आता कोणासाठी?' मंचावर दोन पक्ष. पहिल्याचं म्हणणं असं, की खून, भूत आणि धक्का यांवर पोसलेले हे अंक म्हणजे वाचनाच्या नावाखाली केलेला टाइमपास. आता मोबाईलवर तेच सगळं चित्रासकट मिळतं, तेव्हा ते आपोआप मरतील आणि कोणी रडायचं कारण नाही. दुसरा पक्ष बचावाला उभा राहिला. 'असं कसं? आम्ही याच अंकांमुळे वाचायला लागलो. रहस्यकथा ही पायरी आहे. तिच्यावरून माणूस पुढे चांगल्या साहित्याकडे जातो.' टाळ्या दुसऱ्या पक्षाला जास्त पडल्या. मला राग आला तोही दुसऱ्याचाच. विरोधक निदान तोंडावर नावं ठेवत होता. हे वकील मात्र अशिलाला गुन्हा कबूल करायला लावून शिक्षेत सूट मागत होते.

पायरीवर कोणी मुक्काम करत नाही. मग ज्ञानेश्वरीपासून कोसल्यापर्यंत सगळं वाचून झालेली, सत्तरी ओलांडलेली माणसं दर दिवाळीला रहस्यकथांचा अंक आधी पळवतात, ती काय पायरीवरच अडकून पडली आहेत? मला वाटतं, या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि तीच चूक आहे: छोटी रहस्यकथा म्हणजे रहस्य कादंबरीचं लहान भावंड आणि मासिक म्हणजे तिच्यावरचं वेष्टन. प्रत्यक्षात गोष्ट आखूड असणं आणि ती अनोळखी गोष्टींच्या शेजारात छापली जाणं, या दोन बाबींतच तिची सगळी ताकद आहे. ती ताकद कादंबरीला मिळत नाही, एकाच लेखकाच्या संग्रहाला मिळत नाही आणि आठ भागांच्या मालिकेला तर अजिबात नाही. या अंकांची ओढ टिकली आहे ती त्यामुळे. आठवणींचे उमाळे नंतर.

हा प्रकार जन्मलाच मासिकात. अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो फिलाडेल्फियाच्या 'ग्रॅहम्स मॅगझिन'चा संपादक असताना, एप्रिल 1841च्या अंकात त्याने पॅरिसमधल्या दुहेरी खुनाची ती गोष्ट छापली, जिला पहिली आधुनिक गुप्तहेरकथा म्हणतात. त्यानंतर तेराच महिन्यांनी, मे 1842मध्ये, त्याच मासिकात हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना त्याने कथेची व्याख्याच मांडली: ती एका बैठकीत वाचून होईल एवढीच असावी, म्हणजे वाचकाच्या मनावरचा परिणाम मध्येच तुटत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाने, एकाच मासिकात, वर्षभराच्या अंतराने केल्या हा मला योगायोग वाटत नाही. बाकी कुठल्याही कथेत बैठक मोडली तर रस थोडा उतरतो. रहस्यकथेत बैठक मोडली तर पुरावाच विसरला जातो. तिसऱ्या पानावरची ओली छत्री सोळाव्या पानापर्यंत वाचकाच्या डोक्यात शिल्लक राहायला हवी आणि तरीही त्याचं तिच्याकडे लक्ष जाता कामा नये. हा तोल पंधरा-वीस पानांत साधतो. चारशे पानांत लेखकाला छत्रीची पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागते, आणि आठवण करून दिली की चोरी पकडली गेलीच म्हणून समजा.

पन्नास वर्षांनी आर्थर कॉनन डॉयलने हेच व्यवहाराच्या बाजूने ओळखलं. त्याच्या शेरलॉक होम्सच्या पहिल्या दोन कादंबऱ्यांनी, 1887 आणि 1890 साली, फारसं काही घडवलं नव्हतं. लंडनचं 'स्ट्रँड' जानेवारी 1891मध्ये निघालं. मासिकांत तेव्हा क्रमशः कादंबऱ्या चालायच्या. डॉयलने नंतर आत्मचरित्रात लिहिलं आहे, की वाचकाचा एखादा अंक चुकला की अशी कादंबरी त्याच्या हातून सुटते आणि मग तिचा मासिकाला फायदा होण्याऐवजी अडथळाच होतो. पण तोच नायक ठेवून दर अंकात गोष्ट पूर्ण केली, तर वाचक बांधलाही जातो आणि दर वेळी त्याला अख्खी गोष्टही मिळते. जुलै 1891मध्ये अशी पहिली कथा आली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वाचकाला अर्धवट सोडून धरून ठेवायचं की पोटभर वाढून पुन्हा बोलवायचं, या दोन पद्धतींतली दुसरी डॉयलने निवडली. हा मुद्दा मोबाईलच्या संदर्भात पुन्हा येईल.

आपल्याकडच्या वादात आणखी एक घोळ आहे. 'रहस्यकथा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाबूराव अर्नाळकर उभे राहतात: झुंजार, काळापहाड, हजाराच्या वर पुस्तकं. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक, तेही हजाराच्या पुढे. या पुस्तकांवर माझा लोभ आहे, पण ती एका लेखकाची, एका नायकाची छोटी पुस्तकं होती. वाचक तिथे झुंजारला भेटायला जायचा. उर्दूत इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' 1952 साली अलाहाबादहून सुरू झाली. नावाला मासिक, पण प्रत्येक अंक म्हणजे एक अख्खी कादंबरी. हे दुकान वेगळं आणि ज्यात पंधरा-वीस वेगवेगळ्या हातांच्या कथा एकत्र नांदतात त्या अंकाचं दुकान वेगळं. परिसंवादातल्या दोन्ही पक्षांनी अर्नाळकरांची उदाहरणं देऊन दिवाळी अंकांचा न्यायनिवाडा केला. म्हणजे खटला एकाचा आणि साक्षी दुसऱ्याच्या.

आता विरोधकांचा सगळ्यात धारदार माणूस बोलवू. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन. 1944-45मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये त्याने रहस्य कादंबऱ्यांवर असा काही हल्ला चढवला की त्याची जखम अजून भरलेली नाही. वाचताना त्याला वाटलं, की आपण एक मोठं खोकं उघडतो आहोत, आत भरलेला भुसा गिळत गिळत तळाशी जातो आहोत आणि तळाशी हाताला लागतात ते चार वाकडे, गंजलेले खिळे. उपमा क्रूर आहे आणि खरीही आहे. खुनानंतर बारा पाहुण्यांच्या बारा जबान्या, प्रत्येकाचा भूतकाळ, मधे एक फसवं प्रेमप्रकरण, हे सगळं कोणी भुकेने वाचत नाही. पण नीट पाहा, तक्रार भुशाबद्दल आहे. पंधरा पानांत भुसा भरायला जागाच कुठे असते? आणि गंमत अशी की याच विल्सनने त्या लेखमालेच्या शेवटी शेरलॉक होम्सला सोडून दिलं. या गोष्टी साहित्यच आहेत, साध्या असल्या तरी हीन नव्हेत, अशा अर्थाचं तो लिहून गेला. त्या बहुतेक मासिकातल्या छोट्या कथा होत्या. फिर्यादी पक्षाच्या साक्षीदारानेच आरोपीला निर्दोष ठरवावं, असा हा प्रकार. विल्सनचं नाव घेऊन रहस्यकथांच्या अंकांना झोडपणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत वाचलेला नसतो.

आता शेजाराचा मुद्दा, कारण माझ्या लेखी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. कादंबरी वाचताना उजव्या अंगठ्याखालच्या पानांची जाडी चहाडी करते. अजून दीडशे पानं उरलीत आणि इन्स्पेक्टरने माळ्याला बेड्या घातल्या, तर माळी निर्दोष हे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय मालिकेतला गुप्तहेर मरणार नाही, कारण पुढचं पुस्तक जाहीर झालेलं असतं. अंकात यातलं काहीच ठाऊक नसतं. अंगठ्याखाली जाडी असते ती दुसऱ्यांच्या गोष्टींची. ही कथा पान उलटलं की संपेल, की अजून आठ पानं चालेल? यात गुप्तहेर आहे की नाही? 'मी' म्हणून बोलणारा माणूस शेवटी जिवंत राहणार का, की तोच खुनी? प्रत्येक गोष्टीला स्वतःचे नियम आहेत आणि ते नियम कोणते हे ओळखणं हेच पहिलं रहस्य. हे कोडं अंकातल्या लेखकाला फुकट मिळतं, त्यासाठी त्याला एक ओळसुद्धा लिहावी लागत नाही.

यात मराठी अंक इंग्रजी मासिकांच्या एक पाऊल पुढे आहेत, असं माझं मत आहे. इंग्रजीत रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने 1929 साली गुप्तहेरकथेच्या दहा आज्ञा लिहून ठेवल्या: अमानवी शक्ती नको, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या नकोत, वगैरे. धर्मगुरूनेच भुतांना बंदी घालावी हेही मजेदारच. त्यामुळे तिथल्या वाचकाला उलगडा नैसर्गिकच होणार याची हमी असते. आपल्याकडे अनंत अंतरकरांनी 1946 साली 'हंस' काढलं, नंतर 'मोहिनी' आणि 'नवल'. त्यातल्या 'नवल'ने आणि पुढे 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांनी रहस्य, गूढ, भय आणि विज्ञान एकाच पंगतीला बसवलं. परिणाम काय झाला? जिन्यावर रात्री पावलं वाजतात तेव्हा मराठी वाचकाला हेसुद्धा माहीत नसतं, की याचा उलगडा होणार आहे की होणारच नाही. खाली उतरून पाहिल्यावर शेजारचा पुतण्या सापडेल, की तीन वर्षांपूर्वी गेलेली काकू? नारायण धारपांचा आणि रत्नाकर मतकरींचा वाचक या अनिश्चिततेतच वाढला. मतकरींच्या गूढकथा वाचताना शेवटच्या परिच्छेदापर्यंत पाय जमिनीवर आहेत की नाहीत हे कळत नाही, त्याचं श्रेय त्यांच्या लेखणीला आहेच. थोडं त्या पंगतीलाही आहे. म्हणून संपादकांना एक विनंती. कथेच्या डोक्यावर 'भयकथा', 'गूढकथा' असे शिक्के छापू नका. मी ते अंगठ्याने झाकून वाचतो.

पायरीवाल्यांसाठी याच शेजारातून एक उदाहरण. 1941 साली न्यूयॉर्कहून 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन' निघालं. एलरी क्वीन हे दोन चुलत भावंडांचं मिळून टोपणनाव. त्यांतला फ्रेडरिक डॅने मासिक सांभाळायचा, तो थेट 1982मध्ये मरेपर्यंत. मासिकाच्या पहिल्या कथास्पर्धेत विल्यम फॉकनरने भाग घेतला आणि 1946 साली त्याला बक्षीस मिळालं दुसरं. पहिलं दुसऱ्याच कोणाला गेलं. पुढे फॉकनर 1949 सालच्या नोबेलचा मानकरी ठरला. ऑगस्ट 1948मध्ये याच मासिकात अर्जेंटिनाच्या एका लेखकाची कथा इंग्रजीत आली. पुढे जगभर गाजलेल्या होर्हे लुईस बोर्हेसच्या कथांचं हे इंग्रजीतलं पहिलं पाऊल. ते विद्यापीठाच्या नियतकालिकात पडलं नाही, खुनांच्या मासिकात पडलं. आता सांगा, कोण कोणत्या पायरीवरून कुठे चढलं? इथे तर गच्चीवरची माणसं जिना उतरून खाली आलेली दिसतात, आणि खाली आल्याबद्दल त्यांना संकोच वाटल्याचंही दिसत नाही.

आता माझ्या बाजूच्या पडक्या भिंतीही दाखवतो. पहिली म्हणजे दर्जा. कुठल्याही अंकातल्या निम्म्या कथा आठवड्यानंतर आठवत नाहीत आणि दोन-तीन तर वाचतानाच विसरल्या जातात. मान्य. बायकांच्या बाबतीत या कथांचा इतिहास विशेष वाईट आहे: एक तर ती मुखपृष्ठावर किंचाळते, नाहीतर पहिल्या पानावर मरते. हेही मान्य, आणि याचं समर्थन मी करणार नाही. पण दर्जाच्या आक्षेपाला उत्तर आहे. मासिकात अपयश स्वस्त असतं. फसलेली कादंबरी लेखकाची तीन वर्षं आणि प्रकाशकाचे पैसे खाते. फसलेली कथा वाचकाची वीस मिनिटं घेते आणि पान उलटलं की दुसरा लेखक समोर येतो. पुढे नावाजलेला रहस्यकथाकार रेमंड चँडलर तेव्हा तेलकंपनीतली नोकरी गेलेला, पंचेचाळिशीला टेकलेला माणूस होता. पहिली कथा लिहायला त्याने पाच महिने घेतले आणि डिसेंबर 1933मध्ये 'ब्लॅक मास्क' या स्वस्त कागदावरच्या मासिकाने ती छापली. ते मासिक 1920 साली दोन उच्चभ्रू संपादकांनी निव्वळ आपल्या वाङ्मयीन नियतकालिकाचा तोटा भरून काढायला सुरू केलं होतं आणि थोड्याच महिन्यांत विकून टाकलं होतं. ज्याची त्यांना लाज वाटत होती, त्याने अमेरिकन गद्याला एक नवा आवाज दिला. नव्या माणसाला चुकायची परवानगी देणारी जागा साहित्यात अशा किती असतात?

दुसरा आक्षेप वैचारिक आहे आणि वजनदार आहे. रहस्यकथा खोटा दिलासा देते: गुन्हा झाला, हुशार माणूस आला, दोषी सापडला, जग पुन्हा जागेवर. ज्या देशात खटला वडिलांनी दाखल करावा आणि निकाल नातवाने ऐकावा, तिथे पंधरा पानांत न्याय वाटणं म्हणजे अफू नव्हे का? कादंबरीच्या बाबतीत मी हे बऱ्याच अंशी मानेन. चारशे पानं सोबत केल्यावर वाचक हिशेब मागतो, लेखकाला तो चुकता करावा लागतो. छोट्या कथेवर हे ओझं नाही. 1892च्या जानेवारीत, नाताळच्या वातावरणातली होम्सची एक कथा 'स्ट्रँड'मध्ये आली. त्यात चोर सापडतो आणि होम्स दार उघडून त्याला जाऊ देतो. पोलिसांच्या उणिवा भरून काढायला मला कोणी नेमलेलं नाही, असं म्हणतो. मे 1948मध्ये स्टॅनली एलिन या अगदी नव्या लेखकाची पहिलीच कथा डॅनेने छापली. एक छोटं हॉटेल, तिथला एक खास पदार्थ आणि तो चवीने खाणारी माणसं. त्यात गुप्तहेर नाही, पोलीस नाहीत, शिक्षा नाही, 'खून' हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही. वाचून झाल्यावर दिलासा वाटला असं सांगणारा वाचक मला अजून भेटायचा आहे.

आणि अफू असती तर हुकूमशहांनी ती फुकट वाटली असती. झालं उलटं. इटलीत मोन्दादोरी या प्रकाशकाच्या पिवळ्या वेष्टनातल्या रहस्यकथा, ज्यांच्यामुळे त्या भाषेत 'पिवळा' हाच रहस्यकथेचा शब्द झाला, फॅसिस्ट राजवटीने 1941मध्ये बंद पाडल्या. जपानमध्ये युद्धाच्या काळात गुप्तहेरकथेचा श्वास कोंडला. एदोगावा राम्पोसारख्या अग्रणी लेखकाच्या एका कथेवर 1939मध्येच बंदी आली. युद्ध संपलं आणि 1946मध्ये, शहरांची राख निवलेली नसताना, तिथे 'होसेकी' हे रहस्यकथांचं मासिक निघालं. खायला तांदूळ नाही आणि लोक खुनाच्या गोष्टी वाचतात, याला केवळ पलायन म्हणून भागेल? प्रत्येकावर संशय घ्या, अधिकाऱ्याच्या जबानीवरही. पुराव्याशिवाय कोणाला दोषी धरू नका: ही सवय लावणारी गोष्ट कोणत्या राज्यकर्त्याला आवडेल?

तिसरा आक्षेप आकड्यांचा. 'स्ट्रँड' 1950मध्ये बंद झालं, 'ब्लॅक मास्क' 1951मध्ये. डॅनेचं मासिक चालू आहे, पण 2017पासून दोन महिन्यांतून एकदा येतं. आपल्याकडे बारमाही कथामासिकं जवळपास दिवाळीपुरती उरली. हे मी नाकारत नाही. पण टिकणं म्हणजे फोफावणं, हा अर्थ कोणी ठरवला? शास्त्रीय गाण्याच्या मैफलीला कधीच क्रिकेटएवढी गर्दी नव्हती.

राहता राहिला मोबाईल. गुन्ह्यांच्या मालिका मीही बघतो, रात्री दोनपर्यंत बघतो, त्यामुळे सोवळेपणाचा आव नाही. पण त्यांचा धंदा डॉयलने नाकारलेल्या बाजूवर उभा आहे. भाग संपवायचा तो अर्धवट, हंगाम संपवायचा तो दार किलकिलं ठेवून. उत्तर दिलं तर गिऱ्हाईक उठून जाईल ही भीती. मग तिसऱ्या हंगामात मेलेला माणूस परत येतो. पंधरा पानांची गोष्ट तुमच्याशी एक साधा सौदा करते: वीस मिनिटं द्या, मी संपेन. हा सौदा आपल्याला नवा नाही. वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून हेच करायचा. एक प्रेत, एक पूर्ण गोष्ट, एक कोडं, विक्रमाने उत्तर दिलं की वेताळ झाडावर, आणि पुन्हा पहिल्यापासून दुसरी. रहस्यकथा आपण जगाला दिली असला दावा मला करायचा नाही, तसले दावे करणारे पुष्कळ आहेत. एवढंच, की राजाने वेताळाला 'क्रमशः' म्हणू दिलं नसतं.

सणाला खून कशाला, असंही कोणीतरी परिसंवादात विचारलं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नाताळ अंकांवरून स्फूर्ती घेऊन, असं सांगतात; आणि नाताळच्या रात्री शेकोटीजवळ भुताखेतांच्या गोष्टी ही तिकडची जुनी चाल. बंगालीत शारदीय अंकांतून सत्यजित रायांचा गुप्तहेर फेलूदा यायचा, घराघरांत त्याची वाट पाहिली जायची. सगळे नातेवाईक एका घरात कोंडलेले, जुने हिशेब निघालेले आणि हातात चकली. खुनाची गोष्ट वाचायला यापेक्षा योग्य वेळ कोणती?

शेवटचा आक्षेप राहिला: एकदा खुनी कळला की अंक रद्दी. यावर मी तेराव्या वर्षीच निरुत्तर झालो होतो. आमच्या गल्लीतल्या वाचनालयातून आणलेल्या एका अंकात, कथेच्या शीर्षकाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'खुनी – मोलकरीण'. मी संतापलो. पण अंक तीन दिवसांत परत करायचा होता आणि दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून वाचली. मोलकरणीच्या प्रत्येक वाक्यावर नजर ठेवली, ती चहाचा कप कुठे ठेवते, दाराआड किती वेळ उभी राहते, सगळं टिपलं. खुनी डॉक्टर निघाला. खाली, कोऱ्या उरलेल्या जागेत, त्याच पेन्सिलीने आणि त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'फसलास ना?'

मी तो अंक वेळेत परत केला. त्याच्या पुढचा अंक आणला, वाचला आणि परत करण्याआधी शेवटून दुसऱ्या कथेच्या शीर्षकाशेजारी लिहून ठेवलं, 'खुनी – वकील'.